भूकंपाच्या आधीचा कागद

लेकीच्या कॉलेजातून कागदांची यादी आली, ती दोन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होती. बारावी सायन्सच्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज आत्ताच टाकून ठेवावा, सीईटीच्या निकालानंतर सगळ्यांचीच धावपळ होते, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, त्यात काय मोठं? आम्ही नवी मुंबईतल्या घणसोलीचे आगरी. आमच्या गावात विचारा, तळवलीत विचारा, गोठिवलीत विचारा, कुणीही सांगेल. तिसऱ्या दिवशी यादी नीट वाचली. कुणीही सांगून भागणार नव्हतं. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा, जातीची स्पष्ट नोंद असलेला पुरावा हवा होता.

ही तारीख आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा जास्त जणांना पाठ आहे. त्या दिवशी राज्य सरकारने इतर मागासवर्गीयांची यादी काढली, म्हणून ओबीसींना ती. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. ज्यांच्या घरात बापाची, चुलत्याची पडताळणी आधी झालेली असते त्यांना ती जोडून मोकळं होता येतं. आमच्या घरात कुणीच कधी ती केली नव्हती, कारण कुणाला लागलीच नव्हती. बाबा आणि मी, दोघंही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत प्रकल्पग्रस्त म्हणून लागलो.

बाबांच्या माघारी त्यांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर गेली होती, ती खाली काढली. भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, मोबदल्याची पावती, फेरफाराचे उतारे, प्रकल्पग्रस्त दाखला, घरपट्ट्या, खाडीपलीकडच्या दवाखान्याची चिठ्ठी. रात्री बारापर्यंत वाचत बसलो. जमीन घेताना कुणी जात विचारलेली नव्हती. एवढ्या गठ्ठ्यात 'आगरी' हा शब्द एकदाही नव्हता. गठ्ठा पुन्हा दोरीने बांधला आणि ट्रंकेत ठेवून दिला. तो इतक्या लवकर परत सोडावा लागेल असं वाटलं नव्हतं.

मग बाबांची शाळा. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, त्यांनी स्वतः कपाट उघडून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. बाबांची नोंद सापडली आणि मला उगाच गहिवरून आलं. सहा वर्षांचा पोरगा, पहिलीत दाखल. आडनावाच्या रकान्यात पाटील. जन्मतारीख १ जून १९४८. आणि जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. बाई म्हणाल्या, "हे नाही चालणार हो. हा धर्म झाला."

१ जूनचं सांगायला हवं. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मली आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला उभं करून गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायचे. बोटं कानाला लागली की वय भरलं, मग रजिस्टरात १ जून. आडनावही बहुधा तिथंच मिळायचं. आज्याला आडनाव नव्हतं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, एवढ्यावर त्याचं आयुष्य निभावलं.

शाळेत नाही म्हटल्यावर तहसील कचेरीत कोतवाल बुक बघायचं. कागदोपत्री हा गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. जन्माची खबर गावातून जायची, ती वहीत चढायची आणि तिथं जातीचा रकाना असायचा. शाळेत न गेलेल्या माणसांच्या नातवंडांना त्या एका रकान्याचा आधार. नक्कल अर्ज लिहिला, कोर्ट फी स्टँप चिकटवला, गावाचं नाव, वर्ष, कुणाची नोंद, सगळं भरलं. सांगितलेल्या दिवशी गेलो. अभिलेख कक्षात लाल कापडात बांधलेले बस्ते, त्यांना तो जुन्या कागदांचा आंबूस वास. १९४८ चा जून पाहिला, मे पाहिला, जुलै पाहिला. बाबा नाहीत. तिथले कारकून निवृत्तीला आलेले असावेत. अर्जाकडे बघून म्हणाले, "१ जून ना? मग ती खरी तारीख नसणार. घरात कुणी म्हातारं माणूस आहे का? विचारून या, तो कुठल्या साली, कुठल्या पावसात झाला ते."

या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला, आणि तो कुठल्याही यादीत छापलेला नव्हता.

घरात म्हातारं माणूस म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. दिली तळवलीला, म्हणजे चालत जायच्या अंतरावर. तिच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि ती खालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असते, समोर वर्तमानपत्रावर वाळत घातलेली सुकट. तिच्याच म्हणण्याप्रमाणे ती सुकटीची नाही, मांजरांची राखण करते. मी तिला तारीख सांगितली. १३ ऑक्टोबर १९६७.

"सदुसष्ट म्हंजे भूकंपाचे आदी का मंग?"

मोबाइलवर बघितलं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. आमच्याकडेही जमीन हलली होती. आत्याच्या घरातली मडक्यांची उतरंड त्या पहाटे कोसळली, ते तिच्या लक्षात आहे. म्हणजे सरकारची तारीख भूकंपाच्या दोन महिने आधीची. तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "मंग असा बोल ना."

तिचं कॅलेंडर असं आहे. गोदीतल्या स्फोटाचं साल, वादळाचं साल, भूकंपाचं साल, खाडीवर वाशीचा पूल झाला ते साल, दास्तानच्या गोळीबाराचं साल. शेवटची दोन मलाही लावता येतात, १९७३ आणि १९८४. जानेवारी ८४ मध्ये उरणकडे जमिनीच्या भावासाठी आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. आत्याच्या थोरल्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात होतं आणि हळदीला वाजंत्री लावायची नाही असं गावानं ठरवलं. ती मुलगी आता किती वर्षांची, हे आत्या गोळीबारापासून मोजून सांगते.

"तुझा बापूस वादलाचा," ती म्हणाली. "भात कापून खल्यान आलेलं. रातचा वारा सुटला."

हे वादळ २२ नोव्हेंबर १९४८ चं. मुंबईला त्याने झोडपलं ते पुस्तकात सापडतं, आमच्या खारीत काय झालं ते आत्याकडे. तेव्हा गाव आणि खाडी यांच्यामध्ये खारजमीन होती. खाडीच्या बाजूला मातीचा बांध, बांधाला उघाडी. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. शेती करणं म्हणजे निम्मं काम बांध सांभाळणं. खेकड्याने एक बीळ पाडलं की त्यातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता खांड पडते, म्हणजे बांधच फुटतो. म्हणून प्रत्येक घरातला एक माणूस बांधावर द्यायचाच, नाही दिला तर दंड. त्या रात्री एका ठिकाणी खांड पडली आणि भरतीचं पाणी सरळ खळ्यापर्यंत आलं. कापलेलं भात तरंगलं. आजा बांधावर, आजी घरात, आणि बाबा त्याच रात्री जन्मले.

"पानी उतरलं, पन मीठ उतरलं नाय," आत्या म्हणाली. खारं पाणी शिरलेल्या शेतातून मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. रोप तयार करून लावणी करणं तर अशा जमिनीत कठीणच, मोड आलेलं बी चिखलात फेकायचे आणि जे तगेल ते आपलं म्हणायचे. रात्याचं लाल भात तेवढं टिकायचं. ती दोन वर्षं आजा-आजी दोघंही मिठागरात मजुरीला गेले. आजी टोपलीने मीठ वाहायची आणि बाबा बांधाच्या कडेला झोळीत. एका बाजूला शेतातलं मीठ जाता जाईना, दुसऱ्या बाजूला मीठच काढून पोट भरायचं. आत्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. ती मधेच उठून मांजराला हाकलून आली.

मी खूश. नोव्हेंबर १९४८. दुसरा अर्ज, दुसरा स्टँप, पुन्हा कचेरी. तीच वही पुन्हा उघडली. सप्टेंबरपर्यंत पानं होती. पुढे शिवणीचे दोरे. ऑक्टोबर ते डिसेंबर कुणी फाडले, कसे सुटले, कुणास ठाऊक. 'नोंद आढळून येत नाही' असं लिहून शिक्का मारून मिळालं. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर येऊन दोन वडापाव खाल्ले. कचेऱ्यांच्या बाहेर वडापावच्या गाड्या का असतात ते त्या दिवशी कळलं.

आत्याच्या स्वतःच्या जन्माचा विचार मला सुचलाच नव्हता, आणि तिलाही नाही. ती शाळेत गेली नाही. तिचा कागद असेल असं तिलाच वाटत नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, आजोबांच्या सख्ख्या बहिणीचं चालेल की. वडिलांकडचं रक्ताचं नातं, मग बहीण का नाही?" यादी तिने माझ्यापेक्षा नीट वाचली होती.

आत्याचं नाव गोदी. आधारवर गोदाबाई. आम्ही सगळे समजून होतो की गोदावरीचं गोदी झालं. त्या दिवशी ती हसत सुटली. गोदावरी कसली? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. दुपारी चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले बंबवाले मोठ्या संख्येने गेले, देशभर त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यासाठीच. खाडीच्या अलीकडे आमच्या गावात तो आवाज आला आणि लोकांना वाटलं डोंगर फुटला. दुसऱ्या आवाजाला सगळे घराबाहेर. संध्याकाळी पश्चिमेला धूर दिसला. घरात बाळंतीण होती आणि त्या दिवशी पाचवी पुजायची होती. पाटा मांडून झालेला, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद ठेवायचा तर घरात कागद नव्हता, तो शेजारून आणायला गेलेला माणूस आवाज ऐकून खाडीवरच धावला. पाचवी कागदाशिवाय झाली.

"म्हनून माझे नशिबान कायच लिवलं नाय," आत्या म्हणाली, आणि पुन्हा हसली. दोन-तीन दिवसांनी बोटीवरची माणसं बातमी घेऊन आली की गोदी उडाली. बिननावाच्या पोरीला नाव मिळालं.

पाचवी १४ एप्रिलला. म्हणजे जन्मदिवस पहिला धरून मागे मोजलं तर १० एप्रिल. तिसऱ्या अर्जावर मी पहिल्यांदाच पूर्ण तारीख लिहिली. कारकुनांनी ती वाचून माझ्याकडे पाहिलं. "एवढी नक्की?"

"पाचवीवरून मोजली."

१९४४ ची वही मोडीत होती. मला पानावर नुसती वळणं दिसत होती. वरून एक सरळ रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिला लोंबकळणारी अक्षरं, शब्द कुठे संपतो त्याचा पत्ता नाही. त्यांनी बोट ठेवून एक ओळ दाखवली, तारीख तेवढी मला ओळखता आली. दहा. मग त्या पानाची साक्षांकित प्रत घेतली आणि ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो, ते मोडीचं लिप्यंतर करून सही-शिक्क्यानिशी देतात. त्यांनी भिंग काढलं आणि मला समोर बसवून शिकवायलाच लागले. आधी रेघ ओढायची, मग अक्षरं लिहायची, बोरू शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड मोडीत नाही. "तुमच्या लेकीला सांगा, शुद्धलेखनाचे मार्क गेले नसते." मग त्यांनी ओळ वाचली. आज्याचं नाव, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, पणज्याचं नाव, जात आगरी, मुलगी.

मी म्हटलं, मुलीचं नाव? ते म्हणाले, नाव नाही. मुलगी एवढंच.

खबर दिली तेव्हा तिला नाव नव्हतंच. नोंद खरी होती, तारीख खरी होती, जात होती. पण ही मुलगी म्हणजेच आमची आत्या, हे कागदावर कुठे होतं? आज्याच्या नावाचा दुसरा माणूस गावात असू शकतो, असं पडताळणी समितीने म्हटलं तर? ट्रंक पुन्हा खाली आली.

निवाड्याच्या खाली फेरफाराचा एक उतारा होता, वारस नोंदीचा. आजा गेल्यावर शेतजमिनीला वारस लागले ती नोंद. आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वारस म्हणून बायको, मुलगा, आणि 'मुलगी गोदाबाई', सासरच्या गावासकट. मोडीतल्या ओळीतली दोन्ही नावं इथं देवनागरीत जशीच्या तशी. त्या उताऱ्याला एक जास्तीचा कागद टाचलेला होता. हक्कसोड. भावाच्या लाभात बहिणीने आपला हिस्सा सोडला, खाली डाव्या हाताचा अंगठा. आमच्या भागातल्या बहुतेक घरांत असा एक कागद असतो. माहेर तुटू नये म्हणून द्यायचा असतो तो अंगठा. जमिनीचा मोबदला आला तेव्हा बाबांनी तिला साडी आणि बांगड्या घेतल्या होत्या, हे मला आईने पूर्वी कौतुकाने सांगितलं होतं. त्या रात्री ते कौतुक मला जरा टोचलं.

आता प्रतिज्ञापत्रासाठी तिचा अंगठा पुन्हा हवा होता.

ती लगेच तयार झाली. वकिलाकडे रिक्षाने गेलो. नमुना ३ म्हणजे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, नमुना १७ सत्यतेचं. ते दोन्ही माझ्या नावाने, आत्याचं वेगळं. वंशावळीत मी पणज्यावर अडलो होतो. वकिलाच्या टेबलापाशी आत्या डोळे मिटून पुटपुटायला लागली. ती धवले गाणारी. आमच्याकडे लग्न लावायला धवलारीण लागते आणि मांडवात ती घराण्यातल्या गेलेल्यांना नाव घेऊन बोलावते. आत्याने चालीवरच नावं घेतली, पणजा, त्याचा बाप, त्याचा बाप, प्रत्येकाची बायको, आणि एक बिनलग्नाचा चुलता जो खाडीत बुडाला. वकिलाचा टायपिस्ट म्हणाला, "आजी, जरा हळू." तिला हळू सांगता येईना. चाल मोडली की नाव विसरतं. शेवटी लेकीने मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि घरी बसून झाडासारखा तक्ता काढला. त्यात बायकांची नावं घालायला जागा नव्हती, ती तिने पेन्सिलने बाजूला लिहून ठेवली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. नमुना १६ चा अर्ज ऑनलाइन भरला, कॉलेजचं १५-अ चं पत्र जोडलं, सर्व्हर दोनदा झोपला, छापील प्रत आणि गठ्ठा समितीच्या कार्यालयात दिला. एकदा त्रुटी निघाली, माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाबांच्या नावातला एक काना गायब होता. त्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र केलं. नोंदीतल्या मुलीच्या नावाबद्दल विचारतील म्हणून मी तीन पानी उत्तर तयार करून ठेवलं होतं, ते कुणी विचारलंच नाही. फेरफार आणि लिप्यंतर शेजारी शेजारी लावलेले होते, तेवढं पुरलं असावं. काही आठवड्यांनी मोबाइलवर मेसेज आला, प्रमाणपत्र तयार आहे. तेव्हापासून चुलतभावांचे फोन चालू आहेत. सगळ्यांना आत्या हवी आहे.

ते पान आत्याला दाखवायला लेक आणि मी गेलो. मोडीची झेरॉक्स आणि त्याखाली सरांनी पूर्ण पानाचं केलेलं लिप्यंतर. आमच्या ओळीचेच पैसे घेतले होते, बाकीचं हौसेने केलं म्हणाले. आत्याला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून विचारलं, मी कुठली? लेकीने दाखवली. ती त्या वळणांकडे बराच वेळ बघत राहिली.

"आन् याचे खाली कोन?"

लेकीने खालची नोंद वाचली. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मुलगा, १२ एप्रिल. आत्या म्हणाली, तो देवळामागचा, माझ्याबरोबर चिंबोऱ्या धरायला यायचा, नोसिल कंपनीत होता, गेला. त्याच्या खालची मुलगी कोपरखैरण्याला दिली, आहे अजून, ऐकू येत नाही. वरचा एक मुलगा, तो वर्षाचा व्हायच्या आतच गेला, त्याची आई मग कधी हसली नाही म्हणतात. एका नोंदीपाशी ती थांबली, तेच नाव दोनदा वाचायला लावलं, आणि म्हणाली, "ही लगीन करून गेली ती कुठं गेली ते कुनाला ठाव नाय." लेक वाचत होती, आत्या एकेकाला घरात, गल्लीत, शेतात नेऊन बसवत होती. पानावरच्या अकरा जणांत आता ती धरून तिघं उरली आहेत. पान संपलं तेव्हा चहावर साय धरली होती.

"आन् फुडचं पान?"

पुढचं पान आम्ही घेतलं नव्हतं. नोंद एकाच पानावर होती.

"फुडचं आन. मे म्हैन्यात मना म्हाईत असलेली चार जनं हायेत."

चौथा अर्ज लिहिलाय. अर्जात 'कशासाठी हवी' असा एक रकाना असतो, तो अजून रिकामा आहे.